चार भाचे आणि मिसेस हुकस्ट्रांचं घर

शैलेंद्र गजभियेला कुठलंच घर पसंत पडत नाही, ही बातमी त्याच्या पोरीनेच जगभर करून ठेवली होती. पोरीचं नाव इला, वय सोळा, जन्म न्यू जर्सीचा, मराठी कळते सगळी पण तोंडातून येते ती निम्मी इंग्रजी. "माय डॅड इज द पिकिएस्ट मॅन इन द स्टेट," असं ती मैत्रिणींना सांगायची. बारा वर्षांत पाच घरं झाली होती आणि बघून सोडून दिलेली वेगळीच. एका घराच्या नळाला म्हणे जोर नव्हता. दुसऱ्याचं किचन अंधारं होतं. तिसऱ्याच्या मागच्या अंगणात झोका होता. इला तेव्हा सात वर्षांची होती. झोक्यावरून उतरायलाच तयार नव्हती, शेवटी उचलून गाडीत घालावी लागली. दुसऱ्या दिवशी बापाने सांगितलं, "बेटा, त्या घरात कुबट वास येतो, आपल्याला नाही जमणार." पोरगी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

वासबीस काही नव्हता. घर झकास होतं. आयसेलिनला, देशी दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडच्या मागे दोन गल्ल्या सोडून, मराठी काका-काकूंचं. काकांनी चहा दिला, काकूंनी चिवडा दिला, नागपूरच्या थंडीची चौकशी झाली. मग काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गजभिये म्हणजे... आपल्यातलेच का?"

"आपल्यातले म्हणजे?" शैलेंद्र म्हणाला.

काका हसले. काकूही हसल्या. चिवड्याची बशी मात्र आत गेली. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, की काय सांगू हो, आमचा भाचा यायचाय इंडियातून, एकदम ठरलं, त्याला जागा लागणार.

डोंबलाचा भाचा! तीन महिने ते घर रिकामं पडलं होतं. शैलेंद्र ऑफिसातून येताना मुद्दाम त्या गल्लीतून गाडी आणायचा आणि खिडकीत दिवा दिसतो का ते बघायचा. भाच्याला व्हिसा मिळाला नसावा.

पुढे तो या विषयात चांगला मुरला. गजभिये म्हटल्यावर नागपूरकडचा माणूस एका सेकंदात ओळखतो, की हे बौद्ध, म्हणजे पूर्वीचे कोण ते. पुण्या-मुंबईकडच्याला जरा वेळ लागतो. तो आधी मूळ गाव विचारतो, मग व्हेज का नॉनव्हेज विचारतो, आणि मग बायकोकडे बघतो. बायकोकडे बघितलं की समजायचं, भाचा निघाला. बारा वर्षांत असे चार भाचे झाले, एक सासू झाली, आणि एका गृहस्थांनी तर वडील वारले म्हणून घर देणं रद्द केलं. ते वडील पुढे गणपतीच्या कार्यक्रमात रांगेत उभे राहून दुसऱ्यांदा मोदक घेताना शैलेंद्रने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तब्येत ठणठणीत होती.

सगळेच तसले नव्हते म्हणा. पाच घरं मिळालीच ना. एक गुजराती बाई होती, एक पोलिश म्हातारा होता, त्यांना भाडं वेळेवर आलं की बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. पण मराठी माणसाला मराठी शेजार हवासा वाटतो, दिवाळीला दोन घरी फराळ द्यावासा वाटतो, आणि म्हणून हा गाढवासारखा पुन्हा पुन्हा त्याच गल्ल्यांत जायचा.

इलाला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, हे नवराबायकोने ती चार वर्षांची असतानाच ठरवलं होतं. त्याची बायको रुपाली औरंगाबादची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, बोलायला फटकळ. पण या एका बाबतीत ती कधी चुकली नाही. "तुझ्या बाबाला ना, राजवाडा दिला तरी त्यात खोट काढेल," असं ती इलासमोर ठेवून द्यायची, आणि रात्री भांडी घासताना एक शब्द बोलायची नाही. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला इला नेमाने जायची, पोरांबरोबर स्टेजवर उभी राहायची, शाळेत तिने जातीवर निबंधही लिहिला होता आणि त्याला बक्षीसही मिळालं होतं. निबंध वाचून शैलेंद्रला बरं वाटलं. पोरीने सगळं शंभर वर्षांपूर्वी घडून गेल्यासारखं लिहिलं होतं.

तर असा हा माणूस. धंद्याने इंजिनिअर, काम खुर्च्या मोडायचं. थट्टा नाही. ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत तो टेस्टिंगला होता. माणसाच्या बुडाच्या आकाराचं एक मशीन खुर्चीवर लाखभर वेळा आदळायचं, आणि खुर्ची कधी मोडते ते हा लिहून ठेवायचा. आपल्याकडे लोक खुर्ची सोडत नाहीत, आणि याचा पगार खुर्ची मोडण्यावर. त्या कंपनीने यंदा उन्हाळ्यात त्याला बढती देऊन मिशिगनला हलवलं, न्यू आर्नहेम नावाच्या गावी.

न्यू आर्नहेम हे डच लोकांचं गाव. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी हॉलंडहून आलेल्यांचं. पण आव असा, की कालच बोटीतून उतरलेत. गावाच्या तोंडाशी एक पवनचक्की, ती काही दळत नाही, नुसती फिरते. दाराबाहेर लाकडी बूट आणि त्यांत माती घालून फुलं लावलेली. रस्ते हिरवेगार, झाडं दोन्ही बाजूंनी वर जाऊन मिळालेली, आणि शांतता एवढी की शैलेंद्रने पहिल्या दिवशी गाडीतून उतरून विचारलं, "अबे, इथली माणसं गेली कुठं?" माणसं घरातच होती. खिडक्यांना पडदे नव्हते, त्यामुळे आत बसलेली व्यवस्थित दिसत होती. लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही, असं दाखवायची तिकडे पद्धतच आहे म्हणे. आणि रविवारी कोणी गवत कापत नाही. बाकीचे सहा दिवस मात्र कापतच असतात.

अडचण अशी, की त्या हिरव्या गावात भाड्याने घर मिळेना. कंपनीने दिलेलं हॉटेल सहा आठवड्यांचं, त्यातले पाच संपले. इलाची शाळा पुढच्या सोमवारी सुरू होणार होती, आणि शाळेच्या ऑफिसातली बाई ठाम होती, गावातल्या घराचा करार दाखवा, मग नाव घालते. इलाने जाहीर करून टाकलं, "डॅड, जर तू या वेळी वास बीस काढलास ना, आय स्वेअर, मी जर्सीला परत जाईन."

मग रुपालीला किराणा दुकानाच्या फळ्यावर हाताने लिहिलेलं कार्ड दिसलं. घर भाड्याने देणे आहे, ट्रुडीला फोन करा.

ट्रुडी म्हणजे मिसेस हुकस्ट्रा. वय एकोणऐंशी, पाठ ताठ, नवरा हँक वारून चार वर्षं झालेली. आता जिने चढवत नाहीत म्हणून वृद्धांच्या वसाहतीत राहायला चाललेली. एजंट, अर्ज, भानगडच नाही. तिने तिघांना रविवारी दुपारी कॉफीला बोलावलं. इला आणि रुपाली वरच्या खोल्या बघायला गेल्या. लगेच छतावर धाडधाड पावलं ऐकू आली. इलाला खोली पसंत पडली होती, ते खालीच कळलं.

खाली मिसेस हुकस्ट्रांनी पत्र्याचा डबा उघडला, शैलेंद्रला एक बिस्कीट दिलं, स्वतः एक घेतलं, आणि झाकण लावून डबा कपाटात ठेवला. नागपूरचा माणूस हा. पाहुण्याला एक बिस्कीट देऊन डबा बंद करणारी बाई त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. पण गरजवंत होता, गप्प बसला. बाईंनी चष्मा लावला आणि कागदावर त्याने लिहिलेलं नाव एकेक अक्षर चावत वाचलं.

"गाज-भी-ये. हे कुठलं नाव? तुमची माणसं कोण?"

शैलेंद्रचा कप तोंडापाशी थांबला.

"माणसं म्हणजे?"

"म्हणजे वडील कोण, आजोबा कोण, कुठल्या गावचे, कुठल्या चर्चचे. आमच्याकडे नाव सांगितलं की पाच मिनिटांत सगळं लागतं."

"आमच्याकडे एका सेकंदात लागतं," शैलेंद्र म्हणाला.

त्याच्या डोक्यात सणक गेली. आठशे मैल लांब आलो, गोऱ्यांच्या गावात आलो, भाषा वेगळी, देव वेगळा, आणि प्रश्न मात्र ओक ट्री रोडचेच! उठून जावं असं वाटलं, पण वर पोरगी धावत होती. मग त्याने ठरवलं, की ठीक आहे म्हातारे, तूही चाख जरा. आणि त्याने उलटतपासणी सुरू केली.

"तुम्ही हुकस्ट्रा म्हणजे कोण?" त्याने विचारलं. "माहेरचं नाव काय? आजोबा काय करायचे? स्वतःची जमीन होती, का दुसऱ्याच्या गोठ्यात राबायचे?"

असं आपल्याकडे कोणाला विचारलं असतं तर दोन पिढ्यांचं वैर झालं असतं. मिसेस हुकस्ट्रांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"दुसऱ्याच्याच गोठ्यात!" बाई म्हणाल्या. "झोपायचेही तिथेच. तुम्हाला कसं कळलं?"

आणि मग तासभर बाई थांबल्याच नाहीत. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'स्ट्रा' ते कुठल्या प्रांतातले, 'व्हॅन'वाले कुठले, कोणी दलदल उपसली, कोणी नुसती बघितली. गावात दोन चर्च, रस्त्याच्या अल्याडपल्याड. देव तोच, पुस्तक तेच, पण कुठली गाणी म्हणायची यावरून पणजोबांच्या काळी जे फाटलं ते फाटलंच. या चर्चची मुलगी त्या चर्चमध्ये द्यायची नाही. दिलीच तर आईबाप लग्नाला जायचे नाहीत. नाव विचारायचं ते त्यासाठी, आपला का पलीकडचा ते कळायला.

"मायला," शैलेंद्र मराठीत म्हणाला.

अपमान करायला निघालेला हा माणूस हळूहळू त्यात असा गुंतला, की शेवटी शेवटी बाईंनी शेजाऱ्याचं नाव घेतलं तर हाच म्हणाला, "म्हणजे पलीकडच्या चर्चचे ना?" आणि ते बरोबर निघालं. बाईंनी टाळी वाजवली. त्यांची स्वतःची मुलं कॅलिफोर्नियात, त्यांना आजोबांचं नावसुद्धा धड माहीत नाही. इतकं आस्थेने कोणी विचारलंच नव्हतं. त्या नादात शैलेंद्रची माणसं कोण हा प्रश्न राहूनच गेला. निघताना त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "शेलेन, गुरुवारी दहाला या. सही करू, किल्ली देते."

गाडीत इला पुढच्या सीटवरून वळून वळून बापाकडे बघत होती. "सो? वास आला?"

"नाही बाप्पा," तो म्हणाला. "चांगलं आहे घर."

"ओ माय गॉड, मॉम, ही लाइक्ड इट!"

रुपाली मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. तिने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मंगळवारी दुपारी शैलेंद्र कारखान्यात होता. मागे मशीन खुर्चीवर धपाधप आदळत होतं, हातात डबा होता, आणि फोन वाजला.

"शेलेन, ट्रुडी बोलतेय. एक सांगायचं राहिलं. गुरुवारी माझा भाचा येतोय, तर—"

तर पुढचं त्याने ऐकलंच नाही. त्याच्या कानांत नुसतं भाचा, भाचा, भाचा एवढंच वाजायला लागलं.

"मिसेस हुकस्ट्रा!" तो असा ओरडला की शेजारच्या माणसाने मशीन बंद केलं. "भाचा येत नसतो! भाचा कधीच येत नसतो! बारा वर्षांत चार भाचे ऐकले मी, एकाचंही तोंड बघितलेलं नाही! तुम्हाला घर द्यायचं नाही ना, नका देऊ. पण सरळ सांगा की तू आमच्यातला नाहीस म्हणून. एवढी तरी हिंमत ठेवा! कॉफी पाजता, आजोबांच्या गोष्टी सांगता, आणि शेवटी काय, तर भाचा!"

आणि त्याने फोन ठेवला. सगळा कारखाना त्याच्याकडे बघत होता. त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने तिथेच बसून शांतपणे भात संपवला. जे त्या चार काकांना सुनवायचं राहिलं होतं ते सगळं त्या म्हातारीच्या पदरात पडलं होतं.

संध्याकाळी हॉटेलवर गेला तर दारातच रुपाली उभी.

"ट्रुडीचा फोन आला होता मला," ती म्हणाली. "ती विचारत होती, तुमच्या मिस्टरांना माझा भाचा खोटा का वाटतो?"

"कारण तो खोटाच आहे."

"अरे शहाण्या, तो ट्रक घेऊन येतोय! बाई पियानो हलवतेय तिचा! गुरुवारी घरात गोंधळ असेल तर शुक्रवारी या, एवढंच सांगायला फोन केला होता तिने!"

शैलेंद्र पलंगावर बसला.

"आणि आता म्हणतेय," रुपाली म्हणाली, "की जो माणूस असा ओरडतो त्याला हँकचं घर द्यावं का, याचा मला विचार करावा लागेल. सोमवारी शाळा आहे, शैलेंद्र. आत्ताच्या आत्ता जा आणि पाय धर त्या बाईचे. आणि इलाला घेऊन जा."

"इलाला काहून?"

"तिच्यासमोर तुझा आवाज चढत नाही म्हणून."

"अगं पण ती म्हातारी विचारेल ना, मी असं का बोललो ते. मग इलासमोर काय सांगू?"

 रुपालीने आतून इलाला हाक मारली आणि गाडीची किल्ली तिच्या हातात दिली.

इलाला लर्नर्स परमिट मिळालं होतं, तीच गाडी चालवत होती आणि सगळ्या रस्त्याने बोलत होती. "डॅड, सीरियसली, एका ओल्ड लेडीवर ओरडलास? बिकॉज ऑफ अ नेफ्यू? नुसतं सॉरी म्हण ना, बस. कारणं नको देऊस. तू ना, प्रत्येक घराचं असंच करतोस." शैलेंद्र मान डोलवत होता. सॉरी म्हणू, कामाचा ताण होता म्हणू, गैरसमज झाला म्हणू, असं त्याने मनात घोकून ठेवलं.

दार उघडलं ते साडेसहा फुटांच्या एका माणसाने. त्याच्या गळ्यात सामान उचलायचे जाड पट्टे होते आणि हातात मोजायची टेप.

"हाय," तो म्हणाला. "मी ब्रॅम. ट्रक गुरुवारी, आज नुसती मापं घ्यायला आलोय. मीच भाचा."

शैलेंद्रने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आयुष्यातला पहिला खरा भाचा बघायला मिळाला होता, आणि तोंड लपवायला जागा नव्हती.

मिसेस हुकस्ट्रा किचनमध्ये बसल्या होत्या. कॉफी नव्हती. त्यांनी बापलेकीला समोर बसवलं आणि हाताची घडी घातली. शैलेंद्रने घोकलेलं सगळं म्हणून दाखवलं, ताण, गैरसमज, सॉरी, व्हेरी सॉरी.

"नाही," बाई म्हणाल्या. "कामाच्या ताणाने कोणी भाच्यावर इतकं चिडत नाही. 'भाचा कधीच येत नसतो' असं म्हणालात तुम्ही. चार म्हणालात. ते चार कोण, ते सांगा. खरं सांगितलंत तर घराचं बोलू, नाही तर राहू दे."

"इला, तू जरा बाहेर थांब," शैलेंद्र म्हणाला.

"नो," इला म्हणाली. "व्हाय?"

 शैलेंद्रला आणखी एक थाप मारता आली असती. सराव होता. पण समोरची म्हातारी काही बोळ्याने दूध पिणारी नव्हती, आणि घर गेलं तर शाळा गेली. खरं सांगितलं तर घर कदाचित मिळेल, पण बारा वर्षं सांभाळलेलं जे होतं ते या टेबलावर फुटणार होतं, पोरीच्या देखत. तो टेबलक्लॉथवरचे सुपारीएवढे पांढरे ठिपके बघत बसला. मग खाली बघूनच बोलायला लागला.

त्याने फार काही सांगितलं नाही. आमच्याकडे आडनावावरून कळतं, म्हणाला, की तुमच्या आजोबांना गावाच्या आत राहू द्यायचे की नाही. आमच्या आजोबांना नव्हते देत. आम्ही तो धर्म सोडला, गाव सोडलं, देश सोडला. पण नाव ठेवलं, कारण ते आमचं आहे, त्याची लाज आम्ही का बाळगू? आणि इथे आमचेच लोक नाव ऐकतात, चहा पाजतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा येतो. एकदा भाचा आला, दुसऱ्यांदा आला. झोक्याच्या घरी आला तेव्हा पोरगी सात वर्षांची होती...

तो थांबला. हे सांगायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं होतं.

"झोक्याचं घर?" इला म्हणाली. निव्वळ मराठीत म्हणाली. "तिथे तर वास येत होता."

शैलेंद्र पुन्हा ठिपक्यांकडे बघायला लागला.

"डॅड. वास येत होता ना?"

"नाही," तो म्हणाला.

बाहेरच्या खोलीत ब्रॅम टेप ओढत होता, ती खर्रकन परत गेली. मिसेस हुकस्ट्रांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाल्या, "मी बहीण सांगितली होती."

"काय?"

"एकोणीसशे त्र्याऐंशी. वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. एक जोडपं आलं, पलीकडच्या चर्चचं. पोरगी गरोदर होती. दोघं चांगली होती. मी म्हटलं, माफ करा, माझी बहीण राहायला येतेय."

"आँट ट्रुडी," बाहेरून ब्रॅमचा आवाज आला, "तुला बहीण कुठे आहे?"

"तू पियानो मोज," बाई खेकसल्या. मग शैलेंद्रकडे वळल्या. त्यांची मान लाल झाली होती. "त्या दोघांनी माझ्यावर विश्वास ठेवला असं मी चाळीस वर्षं समजत होते. नसेल ठेवला, नाही?"

"नाही ठेवला," शैलेंद्र म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला या विषयातला जाणकार म्हणून विचारत होतं, आणि खोटं सांगायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. "जिन्यात उतरतानाच कळलं असेल त्यांना."

बाईंनी मान हलवली. माफी मागितली नाही, डोळे पुसले नाहीत, तसल्या नव्हत्याच त्या. ड्रॉवरमधून करार काढला आणि इलासमोर सरकवला. "शाळेला हाच कागद लागतो ना? घेऊन जा, सोमवारपर्यंत थांबू नकोस. किल्ली शुक्रवारी. रविवारी गवत कापायचं नाही. आणि तुझ्या वडिलांना सांग, की समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकायचं आणि मग ओरडायचं."

शैलेंद्रने सही केली. सही वेडीवाकडी आली.

गाडीत बसल्यावर इलाने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली. रस्त्यावर कोणी नव्हतं. समोरच्या अंगणात एक म्हातारा गवताला पाणी घालत होता, तेवढाच.

"सगळी घरं?" तिने विचारलं.

"सगळी नाही गं. ते स्टेशनजवळचं होतं ना, त्याचा नळ खरंच..."

"डॅड."

"बरं. बाकीची सगळी. चौघांचे भाचे आले, एकाची सासू आली, आणि एकाचे तर धडधाकट वडील वारले."

"आय वॉज सो मीन टू यू," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मी सगळ्यांना सांगायचे. फ्रेंड्सना, टीचर्सना. आय मेड फन ऑफ यू. व्हाय वुड यू लेट मी?"

"मग काय झालं?" शैलेंद्र म्हणाला. "आपला बाप खुळा आहे, नखरेल आहे, असं समजून तू मोठी झालीस. मस्त मोठी झालीस. मला चालत होतं ते. आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं समजून मोठी झाली असतीस ना, ते मला चाललं नसतं. मी तसा मोठा झालोय, इला."

 तिने तोंडावर हात दाबून धरला होता आणि खांदे हलत होते. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती सात वर्षांची असताना ठेवायचा तसाच. त्याचेही डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं. मग तिने एकदम बटण दाबून काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, आणि त्या हिरव्यागार, चिडीचूप गल्लीत, पवनचक्कीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, चार काका, एक सासू आणि एक न वारलेले वडील या सगळ्यांना उद्देशून अस्सल नागपुरी थाटात ओरडली, "हरामखोर साले!"

समोरच्या म्हाताऱ्याने पाण्याची नळी खाली धरली, हात वर केला, आणि हसून म्हणाला, "गुड इव्हिनिंग!"

शैलेंद्रनेही त्याला हात केला. मग इलाला बाहीला धरून आत ओढलं.

"हळू गं," तो म्हणाला. "आपल्याला इथं राहायचंय."